निरोप्याची निष्ठा : महाबळेश्वर, सातारा आणि पाळतीचा इतिहास

महाबळेश्वरी गेलेला प्रवासी लॉडविक पॉइंट पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. पश्चिमेकडे सुटलेली ती चिंचोळी सोंड, खाली कोयनेचे खोरे, समोर प्रतापगड, आणि वाटेत एक दगडी स्तंभ. त्याच्यावर जनरल पीटर लॉडविक यांचा अर्धपुतळा आहे. १८२४ च्या उन्हाळ्यात हा डोंगर चढून आलेला पहिला युरोपीय म्हणून त्यांची ख्याती झाली. पूर्वी 'सिडनी पॉइंट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जागेला पुढे त्यांचे नाव मिळाले, आणि त्यांच्या मुलाने १८७४ मध्ये तेथे हा स्तंभ उभारला. आज त्या स्तंभापाशी उभे राहून लोक छायाचित्रे काढतात, घरच्यांना आपला ठावठिकाणा फोनवरून कळवतात आणि पुढच्या पॉइंटकडे निघतात. ठावठिकाणा त्यांनी न कळवला तरी फोन तो कळवीतच असतो. तो घरच्यांना नव्हे, तर ज्या कंपनीचे सिमकार्ड आत आहे तिला. फोन चालू राहावयाचा तर कोणत्या टॉवरच्या टप्प्यात तो आहे हे कंपनीला माहीत असणे भागच आहे.

लॉडविक यांचे नाव आम्ही येथे केवळ स्थळवर्णनासाठी घेतलेले नाही. हेच गृहस्थ पुढे साताऱ्यास रेसिडेंट झाले, आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर चालवलेल्या गुप्त चौकशीत प्रमुख म्हणून बसले. ते प्रकरण आरंभापासून अखेरपर्यंत पत्रव्यवहाराचे होते : कोणी कोणास लिहिले, कोणामार्फत लिहिले, आणि ते लिहिणे कोणी वाचले. मोबाइल कंपन्या, फोनमध्ये दडवलेली पाळतीची सॉफ्टवेअरे आणि ग्राहकाचा खासगीपणा यांविषयी अलीकडे जे बोलले जाते, ते जणू काल-परवा जन्मलेल्या संकटाविषयी असावे अशा सुरात बोलले जाते. आमच्या मते त्यातला मूळ प्रश्न जुना आहे, आणि महाराष्ट्रात तो पाहावयाचा तर साताऱ्याइतके बोलके ठिकाण दुसरे नाही.

आरंभ एका शब्दापासून करू. जुन्या मराठी कागदपत्रांत 'जासूद' हा शब्द पावलोपावली भेटतो. पत्राची थैली घेऊन मजल-दरमजल धावणारा तो जासूद. मुलखाची बातमी काढून आणणारा तोही जासूदच. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत बहिर्जी नाईकाचा उल्लेख जासूदांचा नाईक म्हणून येतो, आणि तेथे अर्थ उघडच हेराचा आहे. पेशवाईतील पत्रांत मात्र 'जासूद जोडी' रवाना केल्याचे उल्लेख येतात, ते डाक नेणाऱ्यांचे. निरोप नेणारा आणि हेरगिरी करणारा यांस एकच नाव असावे यात आपल्या पूर्वजांना काही विसंगत वाटले नाही. जो वाटेने जातो तो वाट पाहतो. ज्याच्या हाती पत्र असते त्याला ते कोठून निघाले आणि कोठे चालले हे ठाऊक असते. तेव्हा निरोप्याला काही कळते की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्याची निष्ठा कोणाशी, एवढाच प्रश्न होता. जासूद आपला असला तर तो डाकवाला, दुसऱ्याचा असला तर हेर.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारने प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी जो तह झाला त्याचे पाचवे कलम मुळातून वाचण्याजोगे आहे. परराज्यांशी, सरदार-जहागीरदारांशी, किंबहुना राजाच्या अमलाखाली नसलेल्या कोणत्याही व्यक्तीशी त्याने संबंध ठेवू नये, पत्रव्यवहार करू नये. अशा लोकांशी काही काम निघाल्यास ते ब्रिटिश सरकारमार्फतच व्हावे, असे ते कलम सांगते. सोयरिकीच्या बोलण्यासाठी बाहेरच्या कोणास लिहावयाचे झाले तरी ते पोलिटिकल एजंटमार्फत. आणि हे कलम तहाचा मूलभूत पाया असून ते मोडल्यास तहाने मिळालेले सर्व लाभ राजा गमावील, अशी तंबीही त्यातच आहे. मुलूख, खंडणी, फौज यांविषयीची कलमे त्या काळच्या तहांत असतच. परंतु ज्याच्यावर राज्य जावे ते कलम पत्रव्यवहाराचे असावे, यावरून सत्तेला खरी धास्ती कशाची वाटते ते दिसते.

या व्यवस्थेची दोन रूपे साताऱ्यास पाहावयास मिळतात, आणि दोन्ही ध्यानात ठेवली पाहिजेत. पहिले रूप जेम्स ग्रँट डफ यांचे. १८१८ पासून १८२२ पर्यंत ते साताऱ्यास राजाच्या कारभारावर देखरेख करणारे अधिकारी होते. मराठ्यांचा इतिहास लिहिण्याचे त्यांनी मनावर घेतले तेव्हा प्रतापसिंहांनी घराण्याचे दप्तर त्यांना पाहू दिले. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाविषयी आपल्याकडे पुष्कळ वाद झाले, ते येथे अप्रस्तुत. येथे पाहण्याची गोष्ट ही, की राजाचे कागद एका परक्या अधिकाऱ्याने वाचले, पण ते राजाने दिले म्हणून वाचले. कशासाठी हवेत हे त्याने सांगितले होते, आणि वाचून झाल्यावर जे लिहिले ते जगापुढे मांडले. परक्याने आपले कागद वाचणे हे स्वतःच अपमानास्पद असते असे नव्हे. संमती, हेतू आणि परिणाम उघड असला तर तेच इतिहासलेखन होते.

दुसरे रूप आले ते पुढे दहा-बारा वर्षांनी. मधला काळ सलोख्याचा होता. लॉडविक यांच्या चढाईनंतर महाबळेश्वराच्या हवेची कीर्ती मुंबईस पोहोचली. राजाने साताऱ्याहून डोंगरावर रस्ता बांधून दिला. १८२९ च्या करारान्वये वाई भागातील खंडाळा हे गाव घेऊन त्याने ही डोंगरमाथ्यावरील जागा कंपनीस दिली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने तेथे माल्कम पेठ वसली. लंडनच्या डायरेक्टरांनी राजाच्या कारभारावर प्रसन्न होऊन १८३५ च्या अखेरीस त्याच्यासाठी स्तुतिपर पत्र आणि एक तलवार पाठवली. ते पत्र आणि ती तलवार मुंबईपर्यंत आली. राजाच्या हाती मात्र पडली नाही. मधल्या काळात त्याच्याविषयी संशय उत्पन्न झाला, या कारणास्तव मुंबई सरकारने ती अडवून ठेवली. राजाचे बाहेर जाणारे शब्द रेसिडेंटमार्फत जावयाचे आणि राजासाठी येणारे शब्दही त्याच वाटेने यावयाचे. वाट एकाच्याच ताब्यात असली म्हणजे काय पोहोचवावे एवढेच नव्हे, तर काय पोहोचू नये हेही तोच ठरवतो.

संशयाचे स्वरूप तीन पदरी होते. मुंबईच्या तेविसाव्या पलटणीतील देशी अंमलदारांना फितवण्याचा प्रयत्न. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार. आणि नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार. १८३६ मध्ये साताऱ्यास गुप्त समिती बसली. रेसिडेंट लॉडविक, मुंबई सरकारचे चिटणीस विलोबी आणि कर्नल ओव्हान्स असे तिचे तीन सदस्य. पुढच्याच वर्षी लॉडविक यांच्या जागी ओव्हान्स रेसिडेंट झाले आणि पुरावा गोळा करण्याचे काम अधिक नेटाने सुरू झाले. साक्षीदार मिळवले गेले, कागद मिळवले गेले. गोवा प्रकरणातील कागद पैसे मोजून हस्तगत केल्याची गोष्ट लंडनच्या वादात राजाच्या कैवाऱ्यांनी पुन्हा पुन्हा मांडली. राजाची मागणी साधी होती : आरोप आणि पुरावा आपल्या हाती द्या, आणि उघड चौकशी करा. ती मान्य झाली नाही. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आले. झाले-गेले विसरून गादी राखण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण त्यासाठी जो मजकूर मान्य करावयाचा होता त्यात दोषाची कबुली येत होती. प्रतापसिंहांनी तो नाकारला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले. काशीच्या वाटेस लागलेले महाराज साताऱ्यास परत आले नाहीत. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

राजा निर्दोष होता की नव्हता याचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. इतिहासकारांनी तो बहुतांशी त्याच्या बाजूने केला आहे, आणि रंगो बापूजींनी १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये जो झगडा दिला त्याची हकिगत प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ मध्ये ग्रंथरूपाने मांडली आहे. आम्हाला येथे महत्त्वाची वाटते ती लॉडविक यांची गोष्ट. समितीत बसलेला हा माणूस पुढे इंग्लंडमध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभेत राजाच्या बाजूने बोलणाऱ्यांत होता. ज्याने कागद आणि साक्षी आतून पाहिल्या होत्या त्यालाच त्यांच्याविषयी शंका वाटू लागली. पण राजाला मात्र शंका घेण्याचीही सोय नव्हती, कारण घेण्यासाठी त्याच्यापुढे काही ठेवलेलेच नव्हते. पाळतीचा खरा जाच येथे आहे. आपले पत्र कोणी वाचले याची लाज किंवा संताप काही काळाने ओसरतो. परंतु आपल्याविषयी एक दप्तर तयार होत आहे, त्यात कोणता कागद खरा नि कोणता रचलेला हे आपल्याला तपासता येत नाही, आणि निर्णय मात्र त्याच दप्तरावरून व्हावयाचा आहे, ही स्थिती माणसाला बोलताच येणार नाही अशा जागी नेऊन बसवते.

साताऱ्याच्या राजाला तहाने जे बंधन घातले ते पुढे कायद्याने सर्वांनाच लागू झाले, असे म्हटल्यास फार अतिशयोक्ती होणार नाही. १८३७ च्या टपाल कायद्याने कंपनीच्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे वाहण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला. १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने आणि १८९८ च्या टपाल कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. जासूद आता एकाच धन्याचा झाला. १९४२ नंतर जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग येत असे, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसरकार चालवले. त्या आंदोलनात तारा तोडणे हे एक प्रमुख काम होते. सत्तेची यंत्रणा बंद पाडणे हा त्यामागचा हेतू होताच. पण भूमिगतांना स्वतःचे निरोप सरकारी टपाल-तारेवर सोपवणे शक्य नव्हते हेही खरे. तार खांबावर होती, तेव्हा ती तोडता येत होती. निरोप पायी जाणाऱ्या माणसाच्या तोंडी देता येत होता. संदेश नेणारा कोण असावा हे निवडण्याची थोडी तरी मुभा शिल्लक होती.

स्वातंत्र्यानंतर ही कलमे तशीच राहिली. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करून पत्रे अडवण्याचे अधिकार वाढवू पाहिले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्या विधेयकावर संमतीची सही केली नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना दूरध्वनीवरील संभाषण हा खासगी आयुष्याचा भाग मानला, आणि ते चोरून ऐकण्याचे आदेश कोणी द्यावेत, त्यांचा फेरविचार कोणी करावा याची पद्धत घालून दिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचेच्या प्रकरणात सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षितता यांपैकी एकही कारण नसताना दिलेले फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करावयास लावली. ही वाटचाल अभिमानास्पद आहे. तरीही ज्याचा फोन ऐकला गेला त्याला, काम संपल्यानंतर का होईना, तसे कळवावे अशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. उच्च न्यायालयात पोहोचलेल्या त्या माणसाला कळले, कारण त्याच्यावर खटला झाला. ज्यांच्यावर खटला होत नाही त्यांना कळण्याचा मार्गच नसतो. तार कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये झालेल्या दूरसंचार कायद्यातही अडवण्याचा अधिकार कायम आहे आणि हा मार्ग उघडलेला नाही.

मोबाइलने या जुन्या गोष्टीत दोन नव्या गोष्टी घातल्या. पहिली अशी, की आता मजकूर वाचण्याची गरज उरली नाही. कोणी कोणास, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखालून फोन केला याच्या नोंदी कंपनीच्या दप्तरी आपोआप साठतात. डिसेंबर २०२१ पासून सरकारी परवान्याच्या अटीनुसार त्या किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. साताऱ्याच्या तहाच्या पाचव्या कलमाला पत्रातील मजकुराशी कर्तव्य नव्हते. 'कोणाशी' एवढेच त्याला हवे होते. कॉलच्या नोंदींनाही तेवढेच हवे असते. आणि या नोंदी बाजारात येतात. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी अशा नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. तपासाने जे उघड केले त्यात ग्राहक म्हणून राजे-महाराजे नव्हते, पतीवर किंवा पत्नीवर संशय असलेली साधी माणसे होती. साताऱ्यास कागद विकत घेतला जाई तो राज्यासाठी. येथे तो घरातल्या माणसासाठी विकत घेतला जात होता.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे जासूद आता आपल्याच खिशात बसतो. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेतील एका तरुण संशोधकाने दाखवून दिले, की 'कॅरियर आयक्यू' नावाच्या कंपनीचे सॉफ्टवेअर त्याच्या फोनमध्ये गुपचूप चालू असून कोणते बटण दाबले गेले याचीही त्यातून नोंद होताना दिसते. कंपनीच्याच दाव्याप्रमाणे असे फोन सुमारे चौदा कोटी होते. ते मोबाइल सेवा कंपन्यांनी बसवून घेतले होते, आणि उद्देश संपर्क का तुटतो, बॅटरी का उतरते हे समजून घेण्याचा, असे सांगण्यात आले. तो उद्देश खोटाच होता असे आम्ही म्हणत नाही. पण ग्राहकाला ते दिसत नव्हते, सहजी काढून टाकता येत नव्हते आणि मुळात त्याला कोणी विचारलेच नव्हते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे ॲप आधीच घालून देण्याचा आदेश उत्पादकांना दिला. हरवलेले फोन आणि बनावट जोडण्या शोधणे हा त्याचा सांगितलेला हेतू. देशभर टीका झाली आणि ३ डिसेंबर रोजी तो आदेश मागे घेण्यात आला. हे ॲप स्वेच्छेने घेणाऱ्यांना ते उपयोगी पडते, यात शंका नाही. वाद उपयोगाचा नव्हता, स्वेच्छेचा होता.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर दरवर्षी माणसे वाट चुकतात, दरीत कोसळतात. अशा वेळी फोनचा शेवटचा टॉवर कोणता हे कळले तर शोधाची दिशा ठरते. अपहरण, फसवणूक, घातपात यांचा माग याच नोंदींवरून लागतो. ज्याचे माणूस सापडत नाही त्याला खासगीपणाचे व्याख्यान देणारा मनुष्य निष्ठुरच म्हणावा लागेल. नोंदी नसाव्यात असे आमचे म्हणणे नाही. ते शक्यही नाही. फोन आहे तोवर कंपनीला ठावठिकाणा कळणार, जसा जासूदाला पत्राचा पत्ता कळत असे. आमचे म्हणणे एवढेच, की ग्रँट डफ आणि ओव्हान्स यांनी राजाचे कागद पाहण्यात जो फरक होता, तो फरक कायद्याला ओळखता आला पाहिजे. एकाने मागून घेतले, कारण सांगितले आणि त्यातून काय निष्पन्न झाले ते उघड केले. दुसऱ्याने मिळवले, आणि ज्याचे म्हणून ते दाखवले गेले त्याच्यापुढे ते मांडण्यास सरकार अखेरपर्यंत तयार झाले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा विषय आपल्या वर्गाबाहेरचा वाटण्याचे कारण नाही. मराठी गद्याचा मोठा भाग पत्रांनीच घडला आहे. पेशवे दप्तर, मुत्सद्द्यांच्या वकिलाती, घरगुती कागद हे सारे आपण आज निःसंकोच वाचतो, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांना आपण वाचू अशी कल्पनाही नव्हती. संशोधकही एका अर्थाने दुसऱ्याची पत्रे उघडणाराच असतो. म्हणूनच वाचणाऱ्याने आपले नाव, आपले साधन आणि आपला निष्कर्ष उघड करावा, म्हणजे दुसऱ्याला तो खोडता येईल, हा संशोधनाचा शिरस्ता आहे. जो शिरस्ता दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या पत्रांबाबत आपण पाळतो, तो जिवंत माणसांच्या बाबतीत सरकारने आणि कंपन्यांनी पाळावा, ही मागणी अवास्तव नव्हे.

प्रतापसिंहांनी गादी सोडली, पण न पाहिलेल्या पुराव्याखाली सही केली नाही. त्यांची मागणी दयेची नव्हती, गुप्ततेचीही नव्हती. माझ्याविषयी जे लिहिले आहे ते मला दाखवा, एवढीच ती होती. लॉडविक पॉइंटवर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या फोनची नोंद या क्षणी कोठेतरी होत आहे, आणि पुढची दोन वर्षे ती तेथे राहील. ती कोणी मागितली, कशासाठी मागितली आणि तिच्यावरून काय ठरवले, हे त्याला कधीतरी कळावे, ही मागणी १८३९ मध्ये साताऱ्यास फेटाळली गेली. अद्याप ती मान्य झालेली नाही.